मासे ठणठणीत, गोगलगायी मात्र दगावतात

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे ठणठणीत असताना गोगलगायी मात्र एकामागून एक मरू लागल्या, की हौशी मत्स्यपालक बुचकळ्यात पडतो. या मृत्यूंमागे बहुधा काही ठरावीक कारणे असतात.

पहिला संशय तांब्यावर घ्यावा. माशांवरील परजीवी मारणाऱ्या काही औषधांत तांबे असते. मासे सहन करू शकतात तेवढी मात्राही गोगलगायींना घातक ठरते. म्हणून आजारी माशांवर वेगळ्या टाकीतच उपचार करावेत.

दुसरे कारण क्षारतेतील अचानक बदल. नव्या गोगलगायी थेट टाकीत न सोडता, त्यांच्या भांड्यात टाकीतील पाणी तासभर थेंबथेंब मिसळावे.

टाकीतील शेवाळ संपल्यास उपासमार होते. अ‍ॅस्ट्रिया जातीची गोगलगाय उलटी पडल्यास तिला सहसा सरळ होता येत नाही. रिकामे शंख न मिळाल्यास हर्मिट खेकडे गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. मार्गारिटा तर मूळची थंड पाण्यातील. २५-२६ अंश सेल्सियसच्या टाकीत ती फार काळ तग धरत नाही.

मेलेली गोगलगाय तत्काळ बाहेर काढावी. ती कुजली की पाण्यातील अमोनिया वाढतो आणि उरलेल्या गोगलगायींबरोबरच माशांचाही जीव धोक्यात येतो.