‘द किंग्ज स्पीच’ : अडखळणाऱ्या राजाची कथा

वर्गात उभे राहून वाचताना ज्याचा शब्द कंठातच अडकला आणि मागून हशा ऐकू आला, त्याला टॉम हूपर दिग्दर्शित हा चित्रपट (२०१०) वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इंग्लंडचे सहावे जॉर्ज राजपुत्र असताना, १९२५ साली, वेम्बली येथील प्रदर्शनाच्या समारोपाच्या भाषणात अडखळले. पुढील वर्षी ते लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाचाशिक्षकाकडे गेले. लोग यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. महायुद्धात वाचा हरपलेल्या सैनिकांना बोलते करण्याचा अनुभव मात्र होता. श्वासाचे व्यायाम, अवघड शब्दांना पर्याय, भाषणाच्या कागदावर विरामांच्या खुणा, असे त्यांचे साधे उपाय. चित्रपटातील लोग राजपुत्राला घरगुती नावाने हाक मारतात. हे मला नाट्यासाठी घेतलेले स्वातंत्र्य वाटते. पटकथाकार डेव्हिड साइडलर स्वतः बालपणी अडखळत असत आणि याच राजाच्या भाषणांनी त्यांना धीर दिला होता. म्हणूनच बहुधा त्यांनी चमत्कार दाखवलेला नाही. ३ सप्टेंबर १९३९ च्या युद्धघोषणेच्या भाषणानंतर लोग एका अक्षरावरची अडखळ दाखवून देतात. राजा मिश्कीलपणे उत्तरतो, बोलणारा मीच आहे हे लोकांना कळायला नको का!