ट्रॅक्टरचे गिअर ऑइल केव्हा बदलावे?

मोटारीचे ऑइल किती किलोमीटर झाले ते पाहून बदलतात. ट्रॅक्टर तर मळणीला एका जागी उभा राहूनही चालतो, म्हणून त्याचे तास मोजतात. स्टेअरिंगपुढे तासांचे मीटर असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत इंजिनाचे ऑइल २५० तासांनी आणि गिअरचे १००० तासांनी बदलतात. पण आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच खरा.

गिअर म्हणजे दातेरी चाके. ती घासून लोखंडाचा बारीक कीस ऑइलात पडतो. जुन्या ऑइलाचा ओशटपणा कमी होतो, मग दाते जास्तच झिजतात.

भाताच्या चिखलणीत कधी कधी पाणी आत शिरते. मग ऑइल दुधावाणी पांढरे दिसते. असे दिसले तर तास मोजत बसायचे नाही, लगेच बदलायचे, आणि पाणी कुठून शिरले ते मिस्तरीला दाखवायचे. आमचे काका चिखलणीच्या दिवसांत रोज मापाची पट्टी काढून बघतात. ऐन लावणीत गिअरबॉक्स खोलावा लागला तर ट्रॅक्टर उभाच. बैल तरी आता किती घरी राहिलेत?

ऑइल कोमट असताना काढले की खालचा गाळही निघतो. ते डब्यात धरायचे. ओढ्याला ओतायचे नाही, तिथे गुरे पाणी पितात.