मोत्यांचें फूल

गोंदिया जिल्हा हा तलावांचा मुलूख. नवेगावबांधासारख्या जलाशयाच्या कांठीं सांपडलेला शिंपला उलटून पाहिला, तर मातकट कवचाच्या आंत इंद्रधनुष्याची फिकट झांक दिसते. मोत्याची झांक तीच. वाळूचा कण शिरून मोती होतो ही समजूत लोकप्रिय आहे. परंतु बहुधा एखादा सूक्ष्म परजीवी किंवा झालेली इजा यांभोंवतीं तो प्राणी थरांवर थर चढवीत जातो आणि त्यांतून मोती आकारास येतो. मराठी स्त्रियांचे नामांकित अलंकार मात्र तळ्यांतल्या मोत्यांचे नव्हेत. ते मोती इराणच्या आखातांतून मुंबईच्या पेठेंत येत आणि बसऱ्याचे म्हणून ओळखले जात.

हल्लीं मोत्यांच्या दागिन्यांवर कुंचल्यानें फुलें रंगविण्याची हौस वाढली आहे. जुन्या सोनारानें ती वाट कां धरली नाहीं, याचें उत्तर भट्टींत आहे. टिकाऊ रंग म्हणजे मिना. तो धातूवर वितळून बसावा म्हणून सुमारें ७०० ते ८५० अंशांची उष्णता लागते, आणि तेवढ्या आंचेंत मोत्याचा चुनाच व्हावयाचा! म्हणून आपल्या कारागिरानें मोत्यावर फूल काढलें नाहीं, मोत्यांचेंच फूल केलें. कानांतली कुडी पाहावी. मध्यें एक मोती किंवा माणिक, भोंवतीं सोन्याच्या तारेंत ओवलेल्या टपोऱ्या मोत्यांच्या पाकळ्या. सारी करामत निवडीची असते. एक मोती दुधी, दुसरा गुलाबीकडे झुकणारा, तिसरा किंचित् पिवळसर. यांतून एकाच मायेचे मोती वेंचावयाचे, आणि तेहि दोन्ही कानांसाठीं जुळते.

पाठवणीच्या वेळीं कांहीं घरांत आई आपल्या कानांतल्या कुड्या काढून मुलीच्या कानांत घालते. त्या वेळीं फारसें बोलणें होत नाहीं. बापाला तर ही गोष्ट कित्येकदां मागाहून कळते. वेणीतलें फूल सायंकाळीं कोमेजतें, हें फूल दोन पिढ्या टिकतें. तथापि तेंहि नाजूकच. घाम, अत्तर, लिंबाचा रस यांनीं मोत्याचें पाणी जातें. म्हणून अंगावरून काढतांच मोती मऊ फडक्यानें पुसावे, आणि रेशमांत गुंफलेले सर ढिले होतांच पटवेकऱ्याकडून पुन्हां ओवून घ्यावे.

१८९३ सालीं जपानांत मिकिमोतो यांनीं शिंपल्यांत मोती पिकविण्यांत प्रथम यश मिळविलें. पुढें १९३० नंतरच्या मंदींत आखातांतील मोत्यांचा व्यापार खचला. त्यामुळें जुन्या कुडीतल्या मोत्यांना जोड मिळणें दुर्घट झालें. असें असतां मोडीच्या तराजूंत वजन होतें तें सोन्याचें. मोती उपटून कागदाच्या पुडींत परत येतात. तार कापली, कीं पाकळ्या सुट्या झाल्या, आणि तें फूल पुन्हां होत नाहीं.

दागिना मोडींत घालण्यापूर्वीं मोत्यांची परीक्षा करून घ्यावी. क्ष-किरणांच्या साहाय्यानें आंतले थर दिसतात, आणि मोती नैसर्गिक कीं पिकविलेला हें सांगतां येतें. एखादी पाकळी निखळली असेल, तर नव्या तारेनें कुडी दुरुस्तहि होते. आणि डबींत एक चिठ्ठी ठेवावी: कुड्या कोणाच्या, कोणी कोणाला आणि कोणत्या सालीं दिल्या.