पठारावरचा वारा आणि संशोधनाचा पैसा

साताऱ्याजवळचा चाळकेवाडीचा सडा, पाटण तालुक्यातले वनकुसवडे आणि सांगली जिल्ह्यातले ढालगाव इथे पवनचक्क्या का आल्या, याचे सोपे उत्तर 'वारा आहे म्हणून' असे दिले जाते. वारा तर पूर्वापार होता. तो विजेच्या कामाचा आहे हे कळले ते सरकारी खर्चाने झालेल्या मोजमापामुळे. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली देशभर वाऱ्याच्या नोंदी घेतल्या गेल्या, आणि १९८६ मध्ये रत्नागिरीसह काही किनारी ठिकाणी प्रायोगिक पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढे चक्र फिरवले ते करसवलतीने. वेगवान घसाऱ्याच्या तरतुदीमुळे कोणत्याही धंद्यातल्या कंपनीला चक्कीची बहुतेक किंमत पहिल्याच वर्षी हिशेबातून वजा करता येई. चक्की उभारली की सवलत मिळे. तिने किती युनिट दिले हे कोणी विचारत नव्हते. प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आली ती थेट २००९ मध्ये. म्हणूनच माझे म्हणणे असे की आपल्या ऊर्जाधोरणाने स्वच्छ विजेची यंत्रे विकत घ्यायला पैसा दिला, पण त्यामागचे ज्ञान वाढवायला हात आखडता घेतला.

हे ज्ञान इतके मोलाचे का, ते वाऱ्याच्या गणितातच दिसते. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सव्वापट झाला तर शक्ती जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे चक्की कुठल्या कड्यावर, किती उंचीवर आणि किती लांब पात्यांची बसवायची, यातली छोटी चूक वीस-पंचवीस वर्षे नडते. डेन्मार्कने हे वेळीच ओळखले. रिसो येथील सरकारी प्रयोगशाळेने ज्या चक्क्यांना मान्यता दिली, त्यांनाच तिथे अनुदान मिळे. सवलत आणि तपासणी एकमेकींना बांधल्यामुळे छोट्या कारखानदारांची यंत्रे वर्षागणिक सुधारत गेली. आपल्याकडे चेन्नईची पवनऊर्जा तंत्रज्ञान संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली, तोवर सवलतीची घाई सुरू होऊन गेली होती.

पैसाच नव्हता, असेही नाही. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेतल्या संशोधनासाठी व नव्या प्रयोगांसाठी राष्ट्रीय निधी काढला. २०१६ पर्यंत हा उपकर ४०० रुपयांवर गेला. सुमारे ८६,००० कोटी रुपये जमले. प्रकल्पांवर खर्च झाले जेमतेम १६,००० कोटी, आणि त्यातही संशोधनाच्या वाट्याला थोडेच आले. २०१७ मध्ये उपकराची जागा वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकराने घेतली, आणि हा ओघ राज्यांच्या भरपाईकडे वळला. वीज ग्राहकाने कोळशाच्या दरातून हा भार सोसला होता. तो ज्यासाठी सोसला त्या कामाला पैसा पोचला नाही, हे मला फार लागते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की तयार तंत्रज्ञान बाजारात स्वस्त मिळत असताना गरीब देशाने प्रयोगशाळा कशाला पोसाव्यात? यंत्रापुरते हे काही अंशी खरे आहे. पण आपल्या जागेचे ज्ञान कोणी विकत देत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर धरणाचे पाणी आणि भूकंप यांचा संबंध आपल्यालाच शोधावा लागला. त्यासाठी कराडला आज भूविज्ञानाची प्रयोगशाळा आहे आणि या भागात ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. चाळकेवाडीच्या सड्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेले काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी, म्हणून सरडे वाढलेले, आणि त्यांचे वागणेही बदललेले. पवनऊर्जा नको, असा याचा अर्थ मी घेत नाही. पुढच्या चक्क्या कुठे बसवू नयेत, हे सांगणारा असा पुरावा दुसऱ्या देशातून आणता येत नाही.

हंगामाचा प्रश्न तर याहून अवघड. इथल्या पवनचक्क्या सर्वाधिक वीज देतात ती पावसाळ्यात, जेव्हा शेतीपंप बंद असतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना वीज हवी असते ती पाऊस सरल्यावर आणि उन्हाळ्यात, आटपाडी-जतकडे आवर्तन सोडताना. उदंचन जलविद्युत प्रकल्प दुपारची वीज रात्रीसाठी राखू शकतात. आषाढातली वीज चैत्रापर्यंत राखणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. पवन, सौर आणि कोयनेचे पाणी यांचा मेळ कसा घालायचा, पंपांचे वेळापत्रक विजेच्या उपलब्धतेशी कसे जुळवायचे, याचा अभ्यास इथेच व्हायला हवा.

सरकारी संशोधन संथ असते, हे खासगी कंपन्यांवर सोडावे, असेही म्हटले जाते. संथपणा नाकारता येत नाही. पण ज्याचे फळ सगळ्यांना मिळते आणि मालकी कुणाचीच राहत नाही, त्यात कंपनी पैसे घालणार नाही. शिवाय आता वेळ आली आहे. २०२३ च्या केंद्रीय धोरणाने २ मेगावॉटहून लहान जुन्या चक्क्यांच्या जागी मोठ्या चक्क्या बसवण्याची वाट मोकळी केली. ती परवानगी देताना चक्कीमालकांकडून वाऱ्याच्या आणि उत्पादनाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मागून घ्याव्यात, त्या सार्वजनिक कराव्यात, आणि त्यांवर काम करायला कराड व सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि शिवाजी विद्यापीठाला निश्चित मुदतीचा निधी द्यावा.