परिचारिका-विद्यार्थिनी आणि क्षयाचा संसर्ग

शुश्रूषेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीचे स्वतःचे आरोग्य हा विषय सामान्यतः अभ्यासक्रमाच्या परिघाबाहेरच राहतो. ही उपेक्षा किती महाग पडू शकते, हे क्षयरोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

ऑस्लो येथील उलेवाल रुग्णालयात योहानेस हाइमबेक यांनी १९२४ पासून नव्या विद्यार्थिनींची ट्यूबरक्युलिन चाचणी घेण्यास आरंभ केला. प्रवेशसमयी सुमारे निम्म्या विद्यार्थिनींत संसर्गाचे चिन्ह नव्हते. तीन वर्षांच्या शिक्षणाअखेर ते जवळजवळ सर्वांत आढळले. शिवाय प्रत्यक्ष आजारी पडल्या त्या मुख्यत्वे आरंभी असंसर्गित असलेल्याच.

भारतातील स्थिती याहून फारशी निराळी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात २००७ साली ४३६ विद्यार्थ्यांची चाचणी झाली. तेव्हा असंसर्गित ठरलेल्यांपैकी १८१ जणांच्या पाहणीत वर्षभरात १४ जणांना नव्याने संसर्ग झाल्याचे दिसले. यावरून वार्षिक धोका ७.८ टक्के ठरतो. राष्ट्रीय सरासरी मात्र १.५ टक्के मानलेली होती. यांतील सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांच्या दंडावर बी.सी.जी.चा व्रण होता, हेही लक्षणीय होय. महाराष्ट्रात सेवाग्राम येथे ७२६ आरोग्यसेवकांच्या पाहणीत (२००५) दोहोंपैकी एका चाचणीने तरी निम्मे संसर्गित ठरले, आणि सेवेची वर्षे वाढतात तसे हे प्रमाण वाढते असे आढळले.

संसर्ग म्हणजे रोग नव्हे. तथापि संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत रोग उद्भवण्याचा संभव सर्वाधिक असतो, आणि ही वर्षे बहुधा शिक्षणकाळातच येतात. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्यातून आलेली मुलगी वसतिगृहात राहते, रात्रपाळी करते. हजेरी बुडेल या भयाने खोकला, बारीक ताप वा घटणारे वजन तिने लपविले, तर हानी तिची एकटीची राहत नाही. खोलीतील सोबतिणी आणि खाटेवरील रुग्ण हेही त्या हानीचे वाटेकरी होतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि प्रत्येक विद्यार्थिनीची स्वतंत्र आरोग्यनोंद यांचा अंतर्भाव आहे. ही नोंद केवळ कपाटात राहू नये. प्रवेशसमयीची चाचणी नसेल, तर नंतरचा संसर्ग वॉर्डातला की गावातला, हे ठरविता येत नाही. निदान न झालेला रुग्ण हाच खरा धोका असल्यामुळे खोकणाऱ्या रुग्णाच्या थुंकीची त्वरित तपासणी आणि वॉर्डात खेळती हवा यांना अग्रक्रम द्यावा लागतो. आजारी विद्यार्थिनीला वर्ष न गमावता रजा मिळाली, तरच ती आपले दुखणे वेळीच सांगेल.