स्पोकेनची फीत

30 डिसेंबर 1968 या दिवशी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात थंडीचा जो विक्रम झाला, तो अजून मोडलेला नाही. राज्यातल्या दोन गावांत पारा उणे 44 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्याच संध्याकाळी राज्याच्या पूर्व टोकाला, स्पोकेन शहरातल्या गोंझागा विद्यापीठाच्या बास्केटबॉल सभागृहात ‘व्हॅनिला फज’ या तेव्हाच्या नावाजलेल्या बँडचा कार्यक्रम होता. त्यांच्याआधी वाजवायला एक नवखा इंग्रज बँड बोलावला होता. स्थानिक जाहिरातीत त्याचं नाव ‘लेन झेफ्लिन’ असं छापून आलं, कारण खरं नाव कुणाच्या कानावरूनच गेलेलं नव्हतं. प्रेक्षकांत कुणीतरी छोटा टेपरेकॉर्डर घेऊन बसलं होतं. त्याची फीत उरली, म्हणून लेड झेपेलिनचा आज ऐकायला मिळणारा सर्वांत जुना कार्यक्रम हा आहे. संग्राहक तिला दुर्मीळ म्हणून मान देतात, आणि ते ठीकच आहे. पण तिचं खरं मोल दुर्मीळपणात नाही. बँडचा बाकीचा सगळा इतिहास तो थोर ठरल्यावर सांगितला गेला. ही फीत त्या निकालाच्या आधीची साक्ष आहे, आणि अशी साक्ष कंपनीच्या कपाटातून येत नाही.

काळाचा हिशेब पाहू. गिटारवादक जिमी पेजचा आधीचा बँड, ‘यार्डबर्ड्स’, 1968च्या जुलैत मोडला. ऑगस्टमध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका खोलीत चौघं पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसले. 7 सप्टेंबरला डेन्मार्कमध्ये पहिला कार्यक्रम झाला, तोही जुन्या बँडच्याच नावावर. त्यानंतर ऑलिंपिक स्टुडिओत अवघ्या छत्तीसेक तासांत पहिला अल्बम उरकला आणि 26 डिसेंबरला डेन्व्हरपासून अमेरिकेचा दौरा सुरू झाला. म्हणजे स्पोकेनला उभा राहिलेला बँड जेमतेम चार महिन्यांचा होता आणि अल्बम दुकानात यायला अजून दोन आठवडे होते. फितीवर गायक रॉबर्ट प्लांट श्रोत्यांना येऊ घातलेल्या अल्बमची बातमी देतो, ती आज ऐकताना गंमत वाटते. कोणत्याही गाण्याच्या पहिल्या सुरांना ओळखीचा जल्लोष उठण्याची सोयच नव्हती. टाळी मिळवायची ती गाणं संपेपर्यंत मिळवायची.

आणि गाणी कोणाची? सुरुवात ‘ट्रेन केप्ट अ-रोलिन’ने. हे टायनी ब्रॅडशॉचं 1951चं गाणं यार्डबर्ड्समार्गे आलेलं. मग ‘आय कान्ट क्विट यू बेबी’, म्हणजे विली डिक्सननं लिहिलेला आणि ओटिस रशनं गायलेला ब्लूज. पुढे गार्नेट मिम्सचं ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज आय हॅव यू’, आणि त्याच्या पोटात ‘स्पिरिट’ या कॅलिफोर्नियाच्या बँडचं ‘फ्रेश गार्बेज’. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ मुळात जेक होम्सचं, 1967चं. झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवर त्याखाली एकट्या पेजचं नाव होतं. होम्सचा उल्लेख यायला दावा आणि तडजोड होईपर्यंत चार दशकं गेली. झेपेलिन आकाशातून तयार होऊन उतरला, ही आख्यायिका या यादीपुढे टिकत नाही. इथे दिसतो तो चार कसबी माणसांचा कारखाना. दुसऱ्यांचं गाणं घ्यायचं, ताणायचं, मध्येच तोडून तिसऱ्याचं जोडायचं, ढोलवादक बॉनमला मोकळं सोडायचं. अल्बममध्ये या कारखान्यातला फक्त तयार माल आला. ‘ट्रेन’ आणि ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज’ ही दोन गाणी त्यांच्या आठ स्टुडिओ अल्बमांपैकी एकातही नाहीत. ही यादी केवळ हौशी माणसांच्या कामाची नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात स्पिरिटच्या ‘टॉरस’वरून उचलली, असा खटला 2016 मध्ये लॉस एंजेलिसला चालला, तेव्हा झेपेलिन सुरुवातीच्या दिवसांत ‘फ्रेश गार्बेज’ वाजवत असे हा मुद्दा निघालाच. ज्यूरीनं ‘टॉरस’ पेजच्या कानावर पडलं असावं असं मानलं, पण दोन रचनांत पुरेसं साम्य नाही म्हणून बँडला मोकळं केलं. 2020 मध्ये अपील न्यायालयानं तोच निकाल कायम ठेवला.

अशा फितीवरचा पहिला आक्षेप आवाजाचा. बास्केटबॉलच्या सभागृहात आवाज भिंतींवर आपटून परततो, खर्जाची गिटार चिखलात रुतल्यासारखी ऐकू येते, आणि मायक्रोफोन जिथे बसला तिथली खुर्चीही मैफलीत भाग घेते. हे सारं खरं आहे. पण आपण इथे सौंदर्य शोधत आहोत की माहिती? एखादं गाणं किती लांबलं, जोडण्या कुठे होत्या, गायक श्रोत्यांशी काय बोलला, हे खराब फितीतूनही कळतं. शिवाय दुसरा पर्याय होता कुठे? झेपेलिनचा पहिला अधिकृत लाइव्ह अल्बम 1976 मध्ये आला, आणि त्यातलं वादन 1973चं. बीबीसीसाठी 1969 पासून केलेली मुद्रणं अधिकृतपणे 1997 मध्ये निघाली. मंचावर लौकिक मिळवलेल्या बँडच्या मंचावरच्या कामगिरीची पहिल्या आठ वर्षांत एकही अधिकृत तबकडी नाही. ती पोकळी प्रेक्षकांनी भरली. लॉस एंजेलिसच्या फोरममधला 4 सप्टेंबर 1970चा कार्यक्रम ‘लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल’ या नावानं चोरून छापला गेला आणि विकला गेला.

इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो: ही चोरी आहे. बँडचा व्यवस्थापक पीटर ग्रँट याबाबतीत इतका कडवा होता, की 1971 मध्ये व्हँकूवरला त्यानं गोंगाट मोजायला आलेल्या सरकारी माणसांचं यंत्र चोरटा रेकॉर्डर समजून फोडलं. त्याचा राग पोकळ नव्हता. विकणारा पैसे कमावत होता आणि वाजवणाऱ्याला दमडी मिळत नव्हती. परंतु मुद्रण करणारा आणि दुकान मांडणारा यांना एका दोरीनं बांधण्याचं कारण नाही. 2007 मध्ये ग्लासगोच्या न्यायालयात चोरट्या सीडींच्या एका खटल्यात स्वतः पेजनं साक्ष दिली, आणि त्यानंही रेषा इथेच ओढली: चाहत्यांनी आपसांत फिती बदलल्या तर हरकत नाही, पण चकचकीत वेष्टनात, आत काय आहे याचा पत्ता नसताना विकणं गैर. काही मुद्रणांत नुसती घरघर ऐकू येते, हेही त्यानंच सांगितलं. ग्रेटफुल डेडनं 1984 मध्ये मुद्रण करणाऱ्या प्रेक्षकांना तिकिटातच वेगळी जागा दिली होती, आणि त्यानं त्या बँडचं दिवाळं वाजल्याचं दिसलं नाही.

मला सर्वांत अडचणीचा वाटतो तो तिसरा आक्षेप. एका रात्रीची फीत उरली म्हणून तीच सुरुवातीच्या झेपेलिनची प्रतिमा होऊन बसते. कदाचित त्या रात्री थंडीनं बोटं आखडली असतील, कदाचित आदल्या गावात याहून सरस वाजलं असेल. म्हणूनच या फितीवरून बँड चांगला वाजला की वाईट, हा निकाल काढू नये. ती एका बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या स्टुडिओ मुद्रणाशी आणि दुसऱ्या बाजूला मार्च 1969च्या बीबीसी मुद्रणाशी ताडून पाहावी. मग मधल्या हिवाळ्यात गाणी किती पसरत गेली ते दिसतं. साक्षीदार एकच असेल तर उलटतपासणी कडक हवी, एवढाच याचा अर्थ. साक्षच नको, असा नव्हे.

चाहत्यांनी जपलेल्या फितींचं मोल बँडनंही पुढे आपल्या परीनं मान्य केलं. 1972 मध्ये पेज आणि प्लांट यांनी मुंबईत स्थानिक वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी मुद्रित केली. तो प्रयोग अल्बमात गेला नाही. चाहत्यांना तो कित्येक वर्षं चोरट्या प्रतींमधूनच माहीत होता. 2015 मध्ये पेजनं ‘कोडा’ या संकलनाच्या नव्या आवृत्तीत तो ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’च्या नावासह अधिकृतपणे घातला, तेव्हा चाहत्यांपैकी अनेकांना गाणी आधीच पाठ होती. स्पोकेनची फीत मात्र अजून चाहत्यांच्या ताब्यातच आहे, आणि पहिल्या वर्षाबद्दल लिहिणाऱ्याला आजही त्यांच्याच दारात जावं लागतं.