दुष्काळी गावांचा पाण्याचा ताळेबंद

महाबळेश्वरी वर्षास 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील माण व खटाव आणि त्यांस लागून असलेले सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर व जत या तालुक्यांच्या वाट्यास सरासरीने सुमारे 500 मिलिमीटरच येतो. ही पर्जन्यछाया पुरातन आहे. नवीन आहे ती पावसाची रीत. पावसाचे दिवस घटत आहेत, मधली उघडीप लांबत आहे, आणि एकाच रात्री असा पाऊस कोसळतो की त्याने जमीन भिजण्याऐवजी वाहून जाते. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने याच दुष्काळी पट्ट्यातील द्राक्षे व डाळिंबे कुजविली. सारांश, एकच गाव दुष्काळ आणि अतिवृष्टी या दोहोंच्या तडाख्यात सापडू लागले आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे पाणी शिवारात अडविणे. याविषयी आता मतभेद उरलेला नाही. 2016 साली पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने प्रथम क्रमांक मिळविला. 2018 साली तो मान माण तालुक्यातील टाकेवाडीस मिळाला. ग्रामस्थांनी श्रमदानाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खोदले व बांध घातले. हे कार्य स्तुत्यच होय. परंतु स्पर्धेचे ढोल शांत झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: जिरलेले पाणी कोणाचे?

या प्रश्नाचे मूळ खडकात आहे. आपला काळा कातळ स्वतः पाणी फारसे धरीत नाही. ते मुरमाच्या थरांत व कातळाच्या भेगांत साठते. ही कोठी सर्व गावाची एकच असते. शंभर जणांनी चर खोदून ती भरावी आणि एकाने खोल विंधन विहीर घेऊन उसासाठी उपसावी, यास कोणताही बांध प्रतिबंध करू शकत नाही. किंबहुना पाणी वाढले की उसाचा मोह वाढतो, आणि दोन वर्षांत गाव पुन्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसते.

याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्तिसंघर्ष चळवळीच्या प्रेरणेने बलवडी व तांदुळवाडी येथील लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारण्याचे मनावर घेतले. नदीतील वाळू ठेकेदार नेत होते. लोकांनी तिच्यातील थोडी वाळू स्वतः विकून धरणासाठी पैसा उभा केला. अभियंते के. आर. दाते यांचे साहाय्य लाभले. परंतु धरणापेक्षाही त्यामागील ठराव मोलाचा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबागणिक द्यावयाचे, भूमिहीनासही त्याचा वाटा असावयाचा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर नायगाव येथे पाणी पंचायतीद्वारे याच तत्त्वाचा अवलंब केला होता. तेथे माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, असे भिजणीचे माप ठरले होते. पुढे आटपाडी येथे भरणाऱ्या पाणी संघर्ष परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी व डॉ. भारत पाटणकर यांनी समन्यायी वाटपाची मागणी कृष्णेच्या पाण्यासही लागू केली. ज्यास जमीन नाही त्यास पाणी कशाला, अशी शंका काही बागाईतदार अजूनही काढतात. चर खोदताना मात्र भूमिहीनाची कुदळ त्यांस चालते!

वाटणी करावयाची तर माप हवे. 1 हेक्टरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. यावरून 1,000 हेक्टरांच्या शिवारात 500 मिलिमीटर पावसाने 500 कोटी लिटर पाणी पडते. आकडा डोळे दिपविणारा आहे, पण फसवा आहे. यातील फार मोठा भाग बाष्परूपाने उडून जातो, काही ओढ्याने वाहून जातो. विहिरींत उतरतो तो अल्पांश. त्यातून प्रथम माणसांचे व जनावरांचे पाणी वजा करावे. उरेल त्यावरच पिकांची मांडणी करावी. शाळू व हरभरा बव्हंशी जमिनीतील ओलीवर निघतात. पाटाने भिजणाऱ्या उसास एका हेक्टरी सुमारे 2 कोटी लिटर लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव असा ताळेबंद ग्रामसभेत वर्षानुवर्षे मांडीत आले आहे.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक असावा आणि रोज ठराविक वेळी त्याची नोंद व्हावी. शिवाराच्या निरनिराळ्या भागांतील दहा-बारा विहिरी निवडून दोरीने त्यांची पातळी मोजावी व ती चावडीच्या भिंतीवर लिहावी. भिंतीवरचा आकडा सर्वांस दिसतो, आणि कोणाच्या मोटारीने तो खाली गेला हेही गावास कळते. विहिरी मोजण्याचे काम स्त्रियांकडेही असावे, कारण आटणाऱ्या विहिरीची वार्ता प्रथम त्यांसच लागते.

शाळूची पेर उत्तरा-हस्तात होऊन जाते. परंतु गहू, कांदा व उन्हाळी पिके यांचा निर्णय परतीचा पाऊस संपल्यावरच करता येतो. म्हणून विहिरींची मोजणी दिवाळीच्या सुमारास करून, गव्हाचे बी घरात येण्यापूर्वी ग्रामसभा भरवावी.